तिला सही येत होती

ही हकीकत मी आजवर टाळली. बायको होती तोवर तिला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. दोनदा वहीत लिहायला घेतली, आणि दोन्ही वेळा माझा दोष कमी दिसेल अशी वाक्यं सुचायला लागली, म्हणून पानं फाडून टाकली. दुसऱ्यांचे अर्ज लिहून पोट भरलेल्या माणसाला असली वाक्यं फार सहज सुचतात.

गेल्या महिन्यात माझा जुना जोडीदार मलकापूरला वारला. मी मयतीला गेलो, परत आलो, आणि एसटीतून उतरल्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला थांबलो. तिथे आमच्या वयाचे दोघंतिघं रोज बसतात. एकजण म्हणाला, "पटवारी गेला म्हनतात. मोठा कलाकार मानूस होता."

दुसरा माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमाले त्यानंच नादी लावलं होतं, काकाजी. नाई तं तुमी गरीब गाय."

मी मान हलवली. ज्याच्या तोंडात काही तासांपूर्वी तुळशीपत्र ठेवलेलं पाहिलं, त्याच्या नावावर माझं पाप पुन्हा एकदा ढकललं आणि बशीत चहा ओतला. घरी आल्यावर मला स्वतःचा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. उतरण्याआधी लिहून टाकतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली, मी अर्जनवीस म्हणून बसत असे. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज, प्रतिज्ञालेख, करार लिहून देणारा. समोर एक उतरता डेस्क, दौत, टाक, टीपकागद आणि अंगठ्यासाठी शाईची डबी. वय सव्वीस. मॅट्रिक झालेला कुणब्याचा पोर, अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा माज.

जोडीदार पटवारी होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, उंच, हसला की सगळं अंग हसायचं. त्याच्याकडे पाच गावांचं दप्तर होतं. कोणाचं शेत किती, कोणाच्या ताब्यात, कोण मेला आणि वारस कोण, हे सगळं त्याच्या हातानं लिहिलं जाई. मी कागद लिहायचा, त्यानं नोंद घ्यायची. आम्ही भेटलो नसतो तर तो आळशी पटवारी राहिला असता आणि मी गर्विष्ठ अर्जनवीस. एकेकट्यानं आम्ही काहीच केलं नसतं. हे मी त्याला किंवा मला वाचवायला सांगत नाही. असंच होतं.

सुरुवात टवाळीनं झाली. एखाद्या म्हाताऱ्याच्या अर्जात मी मुद्दाम दोन जड शब्द घालायचो आणि त्याचे अर्थ विचारायचो. म्हातारा गोंधळला की पटवारी पाठीमागे उभा राहून हसायचा. मग तारखा मागेपुढे करणं आलं. मग एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याची हद्द हातभर सरकवणं आलं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "तुले जमन काय बे?" आणि मला ते जमवून दाखवायचं असायचं. मी जमवलं की त्याला त्याहून मोठं काही सुचायचं. आम्हाला मोबदला मिळायचा, पण तो किरकोळ होता. पैशासाठी केलं म्हटलं की लोक समाधानानं मान डोलावतात. मला त्याचं हसू हवं असायचं. आजच्या वयात हे लिहिताना किळस येते.

उंद्रीच्या बाजूला एका गावात एक बाई होती. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी. नाल्याकाठची चार एकर जमीन, नवऱ्यामागे तिच्या नावावर झालेली. त्यांच्या वस्तीनं पाच-सहा वर्षांपूर्वी बौद्ध दीक्षा घेतली होती. गावातले लोक, आणि कचेरीतले आम्ही, त्यांना जुन्याच जातीच्या नावानं हाक मारत होतो. तो शब्द इथे लिहीत नाही, पण त्या वेळी रोज माझ्या तोंडात होता. तिच्या जमिनीला लागून एका मोठ्या बागाईतदाराचं शेत होतं. त्याला नाल्याचं पाणी हवं होतं, आणि पाणी तिच्या बाजूनं होतं. तिनं जमीन द्यायला नकार दिला. मग बागाईतदारानं पटवाऱ्याला बोलावलं आणि पटवारी माझ्याकडे आला.

कागद साधा होता. राजीनामा. 'सदर जमीन मी कसत नाही, माझा ताबा नाही, राजीखुशीने सोडून देत आहे.' दोन साक्षीदार बागाईतदाराचे सालदार. राहिला अंगठा. कचेरीमागच्या खोलीत भर दुपारी दार लोटून आम्ही दोघं बसलो होतो.

"अंगठा कोनाचा लावाव?" मी विचारलं.

त्यानं माझा हात धरून उजेडात पाहिला. "तुहाच लाव. तुहा अंगठा बाईसारखा हाय बे. कधी वखर धरला असता तं जाड झाला असता."

मी हसलो आणि माझा उजवा अंगठा लावला. खाली मोत्यासारख्या अक्षरात तिचं नाव लिहिलं. तिला सही येत असेल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चुकूनसुद्धा नाही. दुसऱ्या कोणाच्या जमिनीचा कागद असता तर आम्ही आधी चौकशी केली असती, जुनी सही काढून पाहिली असती. हिच्याबाबतीत आम्हाला चौकशीची गरजच वाटली नाही. त्या वस्तीतली विधवा म्हणजे अंगठा, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पकडले गेलो असतो तर ते या माजामुळेच.

पटवाऱ्यानं नोंद घेतली. चैत्रात ती वखरणीला माणूस घेऊन शेतात गेली, तर बागाईतदाराच्या सालदारांनी तिला बांधावरच अडवलं. जमीन तू सोडली, अंगठा लावला, असं सांगितलं. चौथ्या दिवशी ती चालत तालुक्याला आली, कचेरीच्या आवारात शिरली आणि पहिला अर्जनवीस दिसला त्याच्यासमोर बसली. तो मी होतो.

तिनं पदराची गाठ सोडून, जमीन तिच्या नावावरून कमी झाल्याच्या आदेशाची घडी काढली. मला म्हणाली, "भाऊ, मी राजीनामा देल्लाच नाई. त्यावर माहा अंगठा हाय म्हनतात. मी अंगठा लावतच नाई. मले सही येते."

माझ्या हातातला टाक थांबला. "सही येते?"

"हो. दीक्षा घेतल्यावर मास्तरनं शिकवली आमाले. साऱ्या बायाईले. वाचाले नाई येत, पन नाव लिहिता येते." आणि जरा हसली. "पोरीनं जास्ती शिकवली. मास्तर रागावत नव्हता, पोरगी रागवे."

मी त्या क्षणी उठून जाऊ शकत होतो. दुसऱ्या अर्जनवीसाकडे बोट दाखवू शकत होतो. पटवारी तिथे नव्हता, मला कोणी सांगत नव्हतं, कोणी नादी लावत नव्हतं. हेच मला लिहायचं आहे. पुढं जे केलं ते माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालं.

मी अर्ज लिहिला. राजीनामा खोटा आहे, जमीन माझी आहे, चौकशी व्हावी, सगळं लिहिलं. तिची एकच ओळ गाळली. मला सही येते, अंगठा मी लावतच नाही, ही. नंतर रिवाजाप्रमाणे अर्ज वाचून दाखवायचा असतो. अडाणी माणसाचा अर्ज वाचून दाखवल्याशिवाय त्यावर निशाणी घ्यायची नाही, हा आमच्या धंद्यातला नियम, आणि खाली तसं लिहायचं. मी मोठ्यानं वाचायला लागलो. त्या जागी आलो तेव्हा कागदावर नसलेली ओळ मी वाचली. 'अर्जदारास सही येते, अर्जदार कधीही अंगठा लावीत नाही.' आवाज जराही हलला नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. त्या ओळीला तिनं मान डोलावली. "हां. हे बरं लिहिलं."

मग मी शाईची डबी पुढं केली.

"मी सहीच करतो ना, भाऊ."

"बाईमाणसाची सही अशा कागदावर चालत नाही."

"मास्तर तं म्हने, आता कुठंबी गेलं तं सहीच करत जा."

"मास्तर इथं बसत नाही. मी बसतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. भीती नव्हती. सरकारचा कायदा ह्याला कळतो, असा तो भरवसा होता. तिनं अंगठा डबीत बुडवला आणि कागदावर दाबला. मग पदराला पुसत बसली. शाई निघत नव्हती.

त्या संध्याकाळी मी धावतच पटवाऱ्याकडे गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो, कशी सांगायची, कुठं थांबायचं, वाचून दाखवण्याची गंमत शेवटी ठेवायची की मध्ये. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मी त्याच्या हसण्याची वाट पाहत होतो.

तो म्हणाला, "ठसा कसा उठला?"

"साफ उठला. एकेक रेघ मोजून घे."

"अबे गधड्या." तो हळूच बोलला. "आता एका फायलीत दोन अंगठे झाले. एक तुहा, एक तिचा. कोनं भिंग घेऊन पाह्यलं तं?"

मला ते सुचलंच नव्हतं. तिच्या सहीचा पुरावा मोडायच्या नादात मी तिच्या हाती त्याहून पक्का पुरावा दिला होता. तिनं अर्जावर सही केली असती तर फक्त वाद झाला असता. आता आमचा खोटेपणा कागदावर उघडा पडला होता, ओळखणारा फक्त हवा होता.

"आन बाई समोर बसली असतानी तू हे केलं?" त्यानं विचारलं.

"हो. काऊन?"

"काई नाई." तो दप्तर गुंडाळत म्हणाला, "माह्याच्यानं झालं नसतं, बे. तोंड पाहून नाई झालं असतं."

ते ऐकून मला राग आला. अजून येतो. पाच गावांचं दप्तर वाकडं करणारा माणूस मला माणुसकी शिकवत होता. पण तो खरं बोलत होता. त्याचं पाप कागदावर चालायचं. माणूस समोर आला की तो बिचकायचा. मला समोर माणूस असला की जोर चढायचा. लोक समजतात तो वाघ आणि मी शेळी. त्या दिवशी आम्हा दोघांनाही उलटं कळलं, आणि दोघंही एकमेकांना भ्यायला लागलो. सुनावणीपर्यंत आम्ही रोज भेटायचो. मैत्री उरली नव्हती. दुसरा कुठं बोलून तर आला नाही ना, हे बघायला भेटायचो.

सुनावणी दिवाळीनंतर झाली. तहसीलदार साहेब दूरचे, नवे आलेले, स्वभावानं वाईट नव्हते. ती मुलीला घेऊन आली होती. बागाईतदाराच्या वकिलानं तिचाच अर्ज वर धरला. "ही बाई म्हणते तिला सही येते. मग हिच्या स्वतःच्या अर्जावर अंगठा कसा? आणि अर्जात सहीचा उल्लेख का नाही?"

ती म्हणाली, "हाय ना. वाचून दाखवला मले. त्यात हाय."

वकिलानं अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ओळ नव्हती. ती मुलीकडे बघायला लागली, जणू मुलगी सांगेल की आईला नीट ऐकू आलं होतं. मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल.

"त्या लिहिनाऱ्या भाऊनं अंगठा लाव म्हनलं," ती म्हणाली. "सही चालत नाई म्हने."

साहेबांनी मला पुढं बोलावलं. "तू सांगितलंस?"

मी म्हणालो, "नाही साहेब. मी सही येते का म्हणून विचारलं होतं. बाई नाही म्हणाल्या."

'बाई म्हणाल्या' असा आदर मी तिला आयुष्यात पहिल्यांदा दिला, तो खोटं बोलताना.

तिनं वाद घातला नाही. "कागद द्या," म्हणाली. साहेबांनी कोरा कागद दिला. तिनं उभ्यानंच, टेबलावर वाकून, मोठमोठ्या अक्षरात नाव लिहिलं. वेळ लागला. नवऱ्याचं नाव लिहिताना एक काना विसरला तर मुलीनं बोट ठेवून दाखवलं, तो तिनं दिला. सगळी कचेरी बघत होती.

साहेब म्हणाले, "आज येते. कागद मागचा आहे. मधल्या काळात शिकली असशील."

राजीनामा आणि अर्ज दोन्ही त्यांच्यासमोर शेजारी शेजारी उघडे होते. दोन अंगठ्यांमध्ये वीतभरही अंतर नव्हतं. एकात रेघा गोल फिरत होत्या, दुसऱ्यात कमानीसारख्या. मी उभा होतो तिथून दिसत होतं. पटवारी भिंतीला टेकून पांढरा पडला होता. माझा उजवा हात मी मूठ करून पाठीमागे धरला होता. साहेबांनी नुसतं खाली पाहिलं असतं तर संपलं असतं. त्यांनी पाहिलं नाही. वकिलानं पाहिलं नाही. कारकुनानं फायली बांधल्या. आमच्यासारखंच त्यांनाही वाटत होतं की अंगठे सगळे सारखेच. माझ्यावरच्या रागाइतकाच मला त्या खोलीतल्या प्रत्येकावर राग आहे, आणि त्यानं माझा भाग कणभरही कमी होत नाही.

जमीन गेली. तिच्या मागं वर जाऊन दाद मागणारं कोणी नव्हतं, आणि पुढचा अर्ज कोणाकडूनही लिहून घेण्याचा भरवसा मी मोडला होता. मुलीची शाळा त्याच वर्षी सुटली, कारण दोघींनाही मजुरीला जावं लागलं.

चार वर्षांनी पटवारी दुसऱ्याच एका गावच्या खोट्या नोंदीत सापडला. चौकशीत माझे जुने कागद निघाले. मला विचारलं. मी सांगितलं, "तो मजकूर सांगायचा, मी लिहायचो. मला काय माहीत." त्याला सजा झाली, नोकरी गेली. त्यानं माझं नाव घेतलं नाही. पुढं तो मलकापूरला एका जिनिंगच्या कचेरीत लागला. तिथल्या रेल्वे स्टेशनावर एकदा गाठ पडली तेव्हा मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलं.

"तुहं नाव घेतलं असतं तं त्या बाईचं निघालं असतं," तो म्हणाला. "मंग तुनं काय केलं तेबी सांगा लागलं असतं. माह्या तोंडातून ते निघत नव्हतं." मग हसला, पण अंगभर नाही. "तू मात्र जमवलं बे."

मला वाटत होतं त्यानं मला वाचवलं. त्याला माझी लाज वाटली होती. मी गाडी न बघताच फलाटावरून बाहेर आलो.

त्या भेटीनंतर मी तिच्या गावी गेलो. चिखलीहून एसटी, मग पायी. मनात काही वाक्यं घोकत होतो. ती नाल्याकाठी, त्याच चार एकरांत, रोजानं निंदण करत होती. डोक्यावर केस पांढरे झालेले. बांधावर मी उभा राहिलो तशी ती उठली, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही, किंवा ओळखूनही दाखवलं नाही. मला कधी कळलं नाही.

"कोनाकडं आले, भाऊ?"

माझ्या तोंडातून बागाईतदाराचं नाव निघालं.

"ह्या बांधानं जा. पुढं आंब्यापासून उजव्या हाताले. कुत्रं हाय, आवाज द्या आधी."

मी त्या बांधानं गेलो. कुत्र्यासाठी आवाज दिला. त्याच्या ओसरीवर चहा घेतला आणि शेवटच्या गाडीनं परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात ती वारली असं ऐकलं. मुलगी कुठे दिली, कोणी सांगितलं नाही, आणि मीही जोर लावून विचारलं नाही.

त्या दिवशी बांधावर मला इतकंच म्हणायचं होतं. बाई, तुमच्या अर्जात ती ओळ मी लिहिली नव्हती. मी ती नुसती वाचून दाखवली. राजीनाम्यावरचा अंगठा माझा आहे. तुम्ही साहेबापुढं एकही शब्द खोटा बोलला नाहीत, मी बोललो. मला पटवाऱ्यानं सांगितलं नव्हतं. माझी चूक झाली असं म्हणत नाही, मी समजून उमजून केलं. मला माफ करा.